लाल दिव्याची वायर

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मी जुनी गाडी दुरुस्त करायला काढली. लोणीच्या आमच्या घरामागच्या पत्र्याखाली ती तीन वर्षं उभी होती, बायको गेली तेव्हापासून. नवी बॅटरी बसवली, टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकलं आणि चार-पाच प्रयत्नांत ती सुरू झाली. पण रात्री खाली सरकवून ठेवलेल्या पुठ्ठ्यावर सकाळी भाकरीएवढा काळा डाग होता. ऑइल गळत होतं. गळायची तिची सवय जुनीच. त्या गळतीपायी माझ्या हातून जे झालं ते मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता लिहितो आहे, कारण लिहून द्यायचं कबूल करून बसलो आहे.

मी वायरमन होतो. नोकरीची सगळी वर्षं खांबांवर गेली, जुन्नरपासून थेट आण्याच्या पठारापर्यंत. इंजिनाचं काम कुणी शिकवलं नाही, पण हाताला पान्याची सवय आहे आणि वेळ तर नको तितका आहे.

तेलकट इंजिनावर गळती सापडत नाही, सगळीकडे सारखंच काळं दिसतं. म्हणून आधी ब्रशनं डिझेल लावून सगळं धुतलं, पुसलं, उन्हात वाळू दिलं. मग त्यावर पावडर उडवायची असते. पावडर विकत आणायची गरज नव्हती. कपाटात बायकोचा डबा अजून होता, अर्ध्याच्या वर भरलेला. मी तो घेऊन बराच वेळ गाडीजवळ उभा राहिलो. शेवटी उडवली. इंजिन पांढरं झालं आणि परसात तिच्या पदराचा वास आला. मग गाडी तासभर सुरू ठेवली. पांढऱ्यावर दोन काळे ओघळ उतरले. एक इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून, दुसरा ऑइलच्या स्विचमधून.

हा स्विच अंगठ्याएवढा असतो. त्याला एकच वायर. इंजिनातला ऑइलचा दाब कमी झाला की तो चालवणाऱ्यासमोरचा लाल दिवा लावतो. चावी फिरवली की दिवा लागला पाहिजे, गाडी सुरू झाली की विझला पाहिजे. चालताना लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. एवढंच त्याचं म्हणणं असतं.

मंचरला जाऊन नवं पॅकिंग आणि स्विच आणला. झाकणाचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, सगळ्यांवर सारखा ताण येईल असे आवळले. वायरचं आवरण उष्णतेनं आणि तेलानं कडक होऊन तडकलं होतं, म्हणून नवी ओढायला घेतली. त्यासाठी वायरींचा जुना जुडगा सोडवला, आणि त्याच्या पोटातून बोटभर लांबीचा एक तुकडा बाहेर आला. मधेच छाटलेला. टोकाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, आता मातकट झालेली.

ती मी गुंडाळली होती.

बारा वर्षांपूर्वी ही गाडी अशीच गळायची. ऑइल कमी झालं की तापल्यावर लाल दिवा मिणमिणायचा. मी दर आठवड्याला डब्यातून थोडं ओतायचो आणि निभावून न्यायचो. बायकोला ते पटत नसे. शेजारी बसली की तिची नजर रस्त्यावर नसायची, दिव्यावर असायची. "अहो, ते लाल पेटलंय बघा. नीट करून घ्या की एकदा." रोजचं ऐकून कंटाळलो आणि एका रविवारी तिला म्हणालो, बस आत, आज करतोच. ती चालवणाऱ्याच्या जागेवर बसली. मी बॉनेटखाली वाकलो.

"लागलाय का?"

"लागलाय."

मी पक्कडीनं वायर छाटली.

"विझला! विझला बघा!" ती इतकी खूश झाली की तिनं दुपारी शेवयांची खीर केली. मी ती खाल्ली.

त्यानंतर महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ गाडी मागायला आला. तिचं माहेर तळेघर. त्याच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती आणि तिकडे एसटीचा भरवसा नाही, म्हणून मुलाकडच्या मंडळींना घोडेगावहून वर न्यायचं होतं. मेहुण्यानं तरुणपणी घाटात वीस वर्षं जीप चालवलेली. गाडी द्यायला काहीच हरकत नव्हती. फक्त एवढं सांगायला हवं होतं, की बाबा, ऑइल बघून घे, दिवा बंद आहे. पण बायको दारात उभी होती. सांगितलं असतं तर खिरीचं खोटं उघडं पडलं असतं. एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. एका फेरीत काय होतंय, असं मनाशी म्हणालो.

डिंभ्याच्या पुढे चढाला इंजिन जाम झालं. ऑइल उरलंच नव्हतं. नवे कपडे घातलेले पाहुणे उन्हातून चालत तळेघरात पोचले. लग्न मोडलं नाही, पण गोष्ट सगळ्या भावकीत झाली. मेहुणा दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला तेव्हा बायको त्याच्यावर तुटून पडली.

"वीस वरीस गाडी हाकली आन् लाल दिवा दिसला न्हाई तुला? डोळं कुठं व्हतं?"

"आक्का, दिवा लागलाच न्हाई. तुझी शपथ."

"माझी खोटी शपथ घेतोस? माझ्यासमोर दुरुस्त केलाय ह्यांनी. मी बसले व्हते गाडीत!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाटेवरचा टॉवेल उचलून झटकला आणि आत गेलो.

इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रीला छाटलेली वायर सापडली होती. मी म्हटलं, उंदरानं कुरतडली असेल. तो हसला. "आण्णा, तुमच्याकडचं उंदीर चिकटपट्टी बी लावत्यात व्हय?" मग माझा चेहरा बघून कामाला लागला. त्यानं वरून दुसरी वायर टाकली, जुना तुकडा जुडग्यात तसाच ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला बायकोनं भावाला बोलावलं नाही, स्वतः गेलीही नाही. सख्ख्या भावानं आपली खोटी शपथ घेतली, हे तिला सोसलं नाही. नऊ भाऊबीजा तिनं चंद्राला ओवाळून काढल्या. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी दर वेळी आत बसून तिच्या ताटातल्या निरांजनाचा उजेड खिडकीतून पाहायचो. तोंड उघडायला नऊ संधी होत्या. मग ती आजारी पडली आणि गेली. मेहुणा आला, मागे लांब उभा राहिला, कुणाशी न बोलता परत गेला.

नवी वायर ओढून झाली तेव्हा स्विचला जोडण्याआधी दिवा तपासायचा होता. हे एकट्याचं काम नव्हे. एकानं पुढे वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची, म्हणजे दिवा लागतो, दुसऱ्यानं आत बसून सांगायचं. मी वायर चिमट्यानं इंजिनाला लावायचो, फिरून दारापाशी यायचो, दिवा पाहायचो, परत जाऊन चिमटा काढायचो, पुन्हा येऊन पाहायचो. तीन-चार फेऱ्या झाल्यावर एकदा सवयीनं बॉनेटखालूनच विचारलं, "लागलाय का?" उत्तर अर्थातच आलं नाही. त्याच वेळी ठरवलं.

भाऊबीजेला सकाळीच निघालो. डिंभ्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, नजर दिव्यावर. तळेघरात भाताची कापणी चालू होती. मेहुणा खळ्यावर पेंढ्या रचत होता. केस सगळे पांढरे. मला पाहून त्याला नवल वाटलं, पण तसं त्यानं दाखवलं नाही.

"बसा दाजी. च्या घ्या."

मी बसलो नाही. खिशातून तो तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं चिकटपट्टी नखानं उकलून पाहिली.

"आक्काला सांगितलं व्हतं?"

"नाही."

तो पेंढीवर बसला. मग म्हणाला, "मलाच वाटाया लागलं व्हतं, दाजी. दिवा लागला असंल, मीच पाव्हण्यांशी बोलन्याच्या नादात असंल. आक्का मेली तवा म्हनलं, आपल्याच शपथंनं मेली." आणि थोड्या वेळानं, "चावी फिरवल्यावर दिवा लागतो का, त्ये बघाया पायजे व्हतं मी. तेवढी माझी चूक."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग? तुमच्या लोणीत लगनाला आलो की अजून इचारत्यात, पावणं, चालत आला का गाडीनं? त्यास्नी सांगा. तोंडी नको, लिहून द्या."

मी हो म्हटलं. निघताना तो गाडीपर्यंत आला. "फिरवा चावी," म्हणाला. मी फिरवली. तो खिडकीतून वाकून बघत होता.

"लागला."

गाडी सुरू केली.

"विझला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता खळ्याकडे वळला. वायरचा तुकडा त्याच्याच मुठीत होता.

तेव्हा लोणीच्या आणि तळेघरच्या सगळ्या नातेवाइकांसाठी हे लिहितो. त्या दिवशी दिवा लागला नव्हता. तो लागूच शकत नव्हता, कारण त्याची वायर मी छाटली होती. मेहुण्यानं बहिणीची शपथ खरी घेतली होती. ती हे न कळताच गेली, आणि त्याला कारण मी आहे.