सव्वापाच इंची मोर

इसवी सन आणि शालिवाहन शक या दोन्ही कालगणना माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, केव्हाच मोडीत काढल्या आहेत. त्यांच्या लेखी माणसाचा इतिहास एकच, तो म्हणजे कॉम्प्युटरचा. बाकी लग्नं, बारशी, बदल्या या सगळ्या त्याच्या तळटिपा. "आमचं लग्न ना? हिरव्या स्क्रीनच्या काळातलं," असं ते अगदी सहज सांगतात. मुलगी झाली तेव्हा त्यांच्या पुण्याच्या बँकेत नुकताच माऊस आला होता, आणि बारशाला हे पाहुण्यांना पेढा द्यायचा सोडून माऊस कसा धरायचा ते समजावत होते म्हणे. इकडे कॅनबरात, गुंगालिनला, मुलीकडे कायमचे आले ते "सगळं क्लाउडवर गेलं त्या सुमारास." एकदा मी लग्नाचा वाढदिवस विसरलो, तर बायकोच्या देखत म्हणाले, "जावईबापू, अहो टचस्क्रीनचे फोन आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी नाही का!" बायको ते मला अजून ऐकवते. फक्त मामी कधी गेल्या असं कोणी विचारलं, तर त्याला ते कुठलंच मशीन जोडत नाहीत. "गेली," एवढंच म्हणतात.

मुलीच्या गॅरेजमध्ये त्यांचा सगळा इतिहास मांडलेला आहे. पंचकार्डांचे गठ्ठे, कपाटाएवढा प्रिंटर, पाठीला पोक आलेले मॉनिटर, आणि या मंडळींना कॅनबराची थंडी बाधू नये म्हणून हीटर. गाडी बिचारी बाहेर. हिवाळ्यात ताई, म्हणजे मामांची मुलगी, रोज सकाळी दातओठ खात काचेवरचा बर्फ खरवडते आणि मग ऑफिसला जाते. "बाबा, या हार्ड रबिशला सगळं बाहेर काढणार हां मी!" ही तिची, नगरपालिका घराघरांतलं अवजड भंगार उचलून नेते तेव्हाची, दर वर्षीची धमकी. नातीनेही एकदा सांगून पाहिलं, "आजोबा, इट्स ऑल इन माय फोन, यू नो." मामा शांतपणे म्हणाले, "तुझा फोन म्हणजे यांचा पणतू. पणतूने पणजोबांच्या पाया पडायचं असतं." पोरगी खरंच पंचकार्डांना वाकून नमस्कार करून लाइट रेल पकडायला पळाली. आता बोला! डायल-अप मोडेमचा आवाज मामा तोंडाने हुबेहूब काढतात. मराठी मंडळाच्या अंताक्षरीत 'ट' आला की आमची अख्खी बाजू त्यांच्याकडे बघते. पंचाईत एवढीच, की एकदा सुरू झाले की कनेक्ट झाल्याशिवाय थांबत नाहीत.

पण या सगळ्या पसाऱ्याचा जीव एका फ्लॉपीत आहे. जुनी, सव्वापाच इंची, ओल्या पापडासारखी लवचिक. मामींना मामांनीच हौसेने प्रोग्रॅम लिहायला शिकवलं होतं. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामींनी एकटीने बसून स्क्रीनवर ठिपक्यांची रांगोळी काढली. मोराची. ती फ्लॉपीवर ठेवली आणि मामांना म्हणाल्या, "बघायला या." मामा बँकेतून दमून आले होते. "उद्या बघतो गं," म्हणाले. तो उद्या अजून उगवलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून फ्लॉपी बंद. "मशीन नीट मिळत नाही हो," हे एकच पालुपद. मामी गेल्या, मामा इकडे आले, पण हट्ट तसाच. शेजारच्या क्वीनबियन गावापर्यंतचे गॅरेज सेल पालथे घालून त्यांनी जुने ड्राइव्ह जमवले. प्रत्येकाला काही ना काही खोट. एकाचं हेड, म्हणजे चकतीला टेकून वाचणारं डोकं, खरखरीत, दुसऱ्याची मोटर तापट. फ्लॉपी मात्र स्टीलच्या डब्यात, कुणालाही हात लावू न देता.

मी पडलो आयटीतला कॉन्ट्रॅक्टर. दिवसभर दुसऱ्यांची बंद पडलेली सिस्टिम चालू करून देणारा माणूस, आणि घरच्या म्हाताऱ्याची एक फ्लॉपी चालू होत नाही म्हणजे काय! ठरवलंच, या दसऱ्याला मामांना मोर दाखवायचा. कुठून कुठून चौकशी करून एक चांगला ड्राइव्ह मिळवला आणि दसऱ्याच्या दुपारी गॅरेजमध्ये हजर झालो. मामांची पूजा चालली होती. प्रत्येक कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरला हार, आपट्याच्या जागी युकॅलिप्टसची पानं. माझ्या ड्राइव्हने मामांच्या बाकीच्या सगळ्या फ्लॉप्या झरझर वाचल्या. "आता तीच घाला," मी म्हणालो.

मामा कान लावून म्हणाले, "जरा घरघरतोय नाही?"

"काही घरघरत नाही! द्या इकडे!" माझं डोकंच सटकलं. डबा उघडून मी फ्लॉपी बाहेर काढली, आणि पाहतो तो काय! तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर कुंकू. ओल्या बोटाने टेकवलेलं, वाळून घट्ट झालेलं, बोटाच्या रेषांसकट. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना मामींनी मोरालाही कुंकू लावलं होतं, आणि नेमकं वाचायच्या जागी.

"अहो मामा, मशीनचा काय दोष? स्पिरिटचा बोळा फिरवला की दोन मिनिटांत वाचेल!"

"माहीत आहे," मामा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तेव्हा पुसायला गेलो तर ही कडाडली, मी जिवंत असताना कुंकू पुसताय?"

"पण मामा, आता मामी..."

"म्हणूनच."

ताई चहा घेऊन दारात उभी होती, ती तिथेच ऐकत थांबली. मामांनी फ्लॉपी माझ्या हातून काढून घेतली, डब्यात ठेवली, वर युकॅलिप्टसचं एक पान ठेवलं.

"मला मोर बघायचाय, जावईबापू. पण ते बोट न पुसता. डोकं न टेकवता वाचणारं मशीन निघेल. पंचकार्डापासून टचस्क्रीनपर्यंत सगळं या डोळ्यांनी निघालेलं पाहिलंय. हा एकच टप्पा राहिलाय."

मी ड्राइव्ह परत न्यायला उचलला, तर म्हणाले, "राहू दे, याचीही पूजा करू." आणि खाली वाकून त्याला कुंकू लावलं. वरच्या पत्र्याला, अगदी जपून, वाचायची जागा सोडून.

हार्ड रबिशचं नाव ताईने पुन्हा काढलेलं नाही. मी मात्र ऑफिसातून आलो की रोज शोधत असतो, कुठे कुणी तसलं मशीन करतंय का. म्हाताऱ्याचा हट्ट मला लागला, दुसरं काय. परवा मामांना विचारलं, "समजा निघालं ते मशीन, तर?"

"तर काय," मामा हसले. "मग ती कधी गेली, तेही मशीन जोडून सांगता येईल मला."