जाऊबाईंचा जादा स्कॅन

पहाटेची बस धरून आम्ही दोघी दवाखान्यात पोचलो, तर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "आज औषध आलेलं नाही. शनिवारी या."

ही दुसरी खेप होती. मंगळवारी औषध आलं होतं, पण ते तपासणीत बसलं नाही म्हणून टोचलं नाही. आज, गुरुवारी, ते निघालंच नाही. स्कॅनच्या आधी टोचायचं हे औषध दुसऱ्या शहरात बनतं आणि गाडीनं येतं. त्यातला किरणांचा जोर दर दोन तासांनी जवळपास निम्मा होतो, म्हणून आदल्या दिवशी आणून ठेवता येत नाही. हे सगळं मला पाठ झालं होतं. मला एवढंच कळत नव्हतं, की आम्ही निघायच्या आधी एक फोन का करता येत नाही.

"चला अक्का, झालं तेवढं बास," मी म्हणाले.

जाऊबाई पिशवी मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "शनिवारी येऊ की."

त्या पिंपळगाव रेणुकाईला राहतात, शेती बघतात. मी जालन्यात, एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायचं काम करते. पाळी बंद होऊन चार वर्षं झाल्यावर त्यांच्या अंगावरून रक्त जायला लागलं, ते त्यांनी आठ महिने लपवलं. मी दर सणाला विचारायचे, "चेहरा असा का उतरलाय?" त्या म्हणायच्या, "काही न्हाई, ऊन लागलं." शेवटी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कळलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. दीर शेत सोडून येईनात, माझ्या नवऱ्याची मिलमध्ये शिफ्ट. राहिले मी.

सोमवारपासून किरणं सुरू होणार होती. नेहमीचा स्कॅन झालेला होता. आदल्या आठवड्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या. अभ्यासासाठी एक जादा पेट स्कॅन करायचा आहे म्हणाल्या.

"पेट म्हंजी पोटाचाच ना?" जाऊबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सांगितलं, की गाठीच्या काही भागात रक्त नीट पोचत नाही, तिथं ऑक्सिजन कमी असतो. अशा भागावर किरणांचा असर कमी होतो. नेहमीच्या स्कॅनमध्ये गाठ दिसते, पण हा भाग ओळखू येत नाही. हे औषध नेमकं त्याच पेशींत अडकून राहतं आणि चित्रात चमकतं.

"यांना याचा काय फायदा?" मी विचारलं.

"खरं सांगायचं तर यांना नाही. यांचा उपचार तोच राहील. पुढच्या बायकांना होऊ शकेल. नाही म्हणालात तरी चालेल. आणि यासाठी किरणांची तारीख पुढे जाणार नाही."

मी नाही म्हणणारच होते. आमच्याकडे उगवण तपासायला काढलेलं बी परत पेरणीला जात नाही. माझ्या डोक्यात तेच आलं. पण जाऊबाई माझ्याआधी बोलल्या, "चालंल."

त्या एका शब्दासाठी आठवड्यात तीन चकरा, तीन सुट्ट्या.

शनिवारी औषध आलं. मग शीर सापडेना. उजवा हात झाला, डावा झाला, शेवटी मनगटाजवळ सुई बसली. त्यानंतर दोन तास एका बंद खोलीत एकटं बसायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि सारखं लघवीला जायचं. औषध लघवीतून बाहेर पडतं आणि मूत्राशय गाठीच्या शेजारीच, ते भरलेलं असलं तर चित्र बिघडतं. मला आत जायची परवानगी नव्हती. काचेतून बघते तर पाण्याची बाटली तशीच भरलेली.

मी खिडकीतून ओरडले, "अक्का, प्या ना!"

"सारखं सारखं जायला लाज वाटून राह्यली गं. बाहेर तो माणूस बसलाय."

तो माणूस तिथला तंत्रज्ञ होता आणि त्याचं कामच ते होतं. मी त्याला जरा बाजूला बसायला सांगितलं. तो म्हणाला, खुर्ची इथंच ठेवायचा नियम आहे. मग मी त्याच्यासमोर पदर पसरून उभी राहिले आणि जाऊबाई त्या आडोशानं चार वेळा जाऊन आल्या.

स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. करड्या पोटात एक ठिपका पिवळट लाल.

"इथं ऑक्सिजन कमी आहे."

जाऊबाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग तिथं हवा सोडा ना!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोच प्रयत्न चाललाय, मावशी. नाहीतर तेवढ्याच जागी किरणं वाढवायची. अजून पक्कं काही जमलेलं नाही."

"जल्दी करा मंग."

परतीच्या बसमध्ये माझा बांध फुटला. "कशाला हो म्हणालात तुम्ही? फायदा नाही, काही नाही. नुसती टोचाटोच!"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आजवर दवाखान्यात कुणी मला इचारलं? कपडे काढा, झोपा, उद्या या. ही पोरगी बसली, सांगितलं, आन् चालंल का म्हणून इचारलं. न्हाई कसं म्हणू?"

"मी नव्हते विचारत? आठ महिने विचारत होते!"

"तू इचारायची न्हाई. तू रागवायची."

रागच आला होता मला, आणि त्या बोलल्या ते खरं होतं म्हणून जास्त आला होता.

जालन्याला माझ्या घरी पोचलो तर नवा घोळ. त्या दिवसापुरतं गरोदर बायका आणि लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं होतं. जाऊबाईंनी ते फोनवर गावात कळवलं आणि गावानं त्याचा महिना केला. जाऊबाईंची पोटुशी असलेली पुतणसून माहेरी निघून गेली. दीर म्हणाले, ताट वेगळं ठेवू का? एकेकाला फोन करून समजावताना माझा घसा बसला.

किरणं झाली, दर आठवड्याचं केमोचं सलाईन झालं, आतून द्यायची किरणंही झाली. जाऊबाईंचे केस टिकले, भूक गेली, चिडचिड माझ्यावर निघाली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा गाठ दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं येत राहायचं. मी अभ्यासाचं काय झालं ते विचारलं. अजून बायका गोळा करतोय, म्हणाले.

गेल्या महिन्यात तपासणीची तारीख कापूस वेचणीत आली. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "मजूर मिळून न्हाई राह्यले. पुढल्या महिन्यात बघू."

तोंडात शब्द आले होते, ते मी गिळले. विचारलं, "अक्का, भीती वाटते का?"

पलीकडे कुणीतरी मोटार बंद केली. मग त्या म्हणाल्या, "वाटती."

"मी येऊ न्यायला?"

"ये. पर सकाळच्या बसनं न्हाई. माझ्यानं एवढ्या लवकर उठणं होत न्हाई आता."

तपासणीची वेळ सकाळी नऊची होती. ती बदलून घ्यायला मी दवाखान्यात दोन दिवस फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं.