वरली गल्ली

ऐरोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटचं दार दिवसभर सताड उघडं असतं. तिथल्या मावशी मुलाकडे राहायला आल्यात, दिवसातून एकदाच एसटी येते अशा मराठवाड्यातल्या एका गावातून. वॉचमनने चोरांची भीती घातली, तर म्हणाल्या, "दार लावल्यावर कोन आलं, कोन गेलं कसं कळंल?" मजल्याला त्या गल्ली म्हणतात. लिफ्टमध्ये सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे असतात, तेव्हा ह्या विचारतात, "जेवलात का?" मला सुरुवातीला वैतागच यायचा.

परवा रविवारी सकाळी मी मटणाला फोडणी घातली आणि बेल वाजली. दारात मावशी. नेहमीचा खणखणीत आवाज एकदम खाली.

"पोरी, गॅस बंद कर. वरल्या गल्लीत मानूस गेलंय. त्याला उचलूस्तोर चूल पेटवत नसतेत."

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता खरा. मी जोडलेले हात पाठवून मोकळी झाले होते. मुकाट्याने गॅस बंद केला.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या त्या माणसाला स्मशानात नेल्यावर मावशींनी पिठलं-भाकरी केली. त्या घरी आज चूल पेटणार नाही, म्हणून सगळं तिकडे न्यायचं होतं. पिठल्याचं पातेलं धरून मीही त्यांच्यामागे जिना चढले.

"मावशी, तुमच्या ओळखीचे होते का ते?"

"न्हाई गं, नावबी ठाव न्हाई," भाकरीचं फडकं सावरत त्या म्हणाल्या. "पन गल्ली तर आपलीच हाय ना?"