ओर्तांसबाईची मेणबत्ती

फ्रान्समधल्या मेदोकात ओर्तांसबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्या तोंडी लागायची हौस असलेलाही सापडायचा नाही. बाई भलतीच फटकळ. वाइनकोठीच्या मालकालासुद्धा "आधी पाय पुसा" म्हणायची. तोही मुकाट्याने पुसायचा.

तिचं काम एकच, मेणबत्ती धरायचं. ऑक्टोबरात द्राक्षं आंबली, वाइन टाकीतून काढून घेतली, की तळाशी सालींचा चोथा उरतो. तो फावड्याने उपसायला माणूस आत उतरतो. चोथ्यातून जी हवा सुटते तिला ना रंग ना वास, पण दोन श्वासांत धडधाकट माणूस आडवा होतो. म्हणून आधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती आत सोडायची. जळत राहिली तर उतरायचं, विझली तर टाकी तशीच उघडी टाकून जेवायला जायचं. आतल्याने मधूनमधून फावड्याने लाकडावर दोनदा ठोकायचं, म्हणजे मी ठीक आहे. बाहेरच्याने दोनदा ठोकायचं, म्हणजे मी इथेच आहे.

१९३१ साली तिचा नवरा कासिमीर चार नंबरच्या टाकीत गेला तो मेलेलाच बाहेर काढावा लागला. "मेणबत्ती जळत होती हो," ओर्तांस ऊर बडवून सांगत होती. "माझ्या डोळ्यांदेखत जळत होती." लोकांनी विश्वास ठेवला. कुंकवाचा धनी गेलेल्या बाईला खोटं कोण म्हणणार?

तेव्हापासून चार नंबरची ख्यातीच झाली, की ही टाकी मेणबत्तीलाही फसवते. मग तिथे मेणबत्ती लावायचंच बंद झालं. टाकी दोन दिवस उघडी ठेवायची, छातीवर क्रूस काढायचा आणि उतरायचं, अशी रीत पडली.

टाकी मोडून जाळली का नाही, असं कुणी विचारील. ते जानेवारीमुळे. जानेवारीत कोठीप्रमुख दार्तिग प्याले मांडून बसायचा आणि निरनिराळ्या जातींच्या द्राक्षांच्या वाइनचं मिश्रण जुळवायचा. कॅबर्ने सोव्हिन्यों म्हणजे वाइनचा कणा, मेर्लो म्हणजे अंगावरचं मांस, रंगाला घोटभर पेती व्हेर्दो. सगळं जमायचं, पण चार नंबरमधली कॅबर्ने फ्रांक पडेपर्यंत वाइन मुकीच राहायची. "हिला विझलेल्या वातीचा वास येतो," दार्तिग दरसाल म्हणायचा, "पण हिच्यावाचून चालत नाही." बाकी कुणाला तो वास येत नसे. ओर्तांसबाई मात्र तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

तिचं दुखणं वेगळंच होतं. भरलेल्या चार नंबरवरून ती गेली की आतून दोनदा ठोकल्याचा आवाज यायचा. टाकी काठोकाठ भरलेली, आत माणूस कसला? ती शाल कानांवर ओढायची आणि पाय उचलायची. उत्तर तिने कधी दिलं नाही. भीती वाटायची, आणि लाजही.

१९५७ला पावसाने तोडणी लांबली. उरलेली द्राक्षं अंगणात पडून कुजायला लागली होती आणि चार नंबर त्याच दुपारी रिकामी हवी होती, दोन दिवस उघडी ठेवायला सवड नव्हती. तिचा मुलगा इलेर, अठ्ठावीस वर्षांचा, फावडं घेऊन शिडीवर चढला.

"मेणबत्ती सोड आधी," ती म्हणाली.

"चार नंबरला? आई, जन्मभर तूच सांगत आलीस ना, तिथे मेणबत्तीचा उपयोग नाही म्हणून?"

"सोड म्हणते ना."

"ओर्तांसबाई, आता नवे नियम नकोत," दार्तिग वैतागला. "उतर रे इलेर."

इलेरने एक पाय आत टाकला. त्याच क्षणी आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. बाकी कुणाला ऐकू आला नाही. ओर्तांसबाईने लेकाची विजार घट्ट धरली.

"त्या दिवशी मी मेणबत्ती सोडलीच नव्हती," ती म्हणाली.

इलेरने आत टाकलेला पाय बाहेर काढला.

"अंगणातूनच ओरडले, जळतेय, उतर. मग त्याने दोनदा ठोकलं. मी उठले नाही. परत ठोकलं. तरी उठले नाही. मग काही ऐकू आलं नाही."

"अंगणात काय करत होतीस?" इलेरने विचारलं.

दोन वर्षांचा इलेर तापाने फणफणला होता. रात्रभर रडून तिच्या मांडीवर त्याचा नुकता डोळा लागला होता. हे ती बोलली नाही.

"बसले होते," म्हणाली.

दार्तिगने स्वतः मेणबत्ती पेटवून दोरीने खाली सोडली. दोन हात गेली असेल नसेल, कुणी फुंकर मारावी तशी विझली. विझल्या वातीचा वास वर आला, आणि या वेळी तो सगळ्यांना आला. दार्तिगने टाकीचं खालचं दार उघडायला लावलं. द्राक्षांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेणबत्ती तळापर्यंत जळत गेली. इलेर आईकडे न बघता उतरला. कालपासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती हातोडी घेऊन बाहेर उभी राहिली.

थोड्या वेळाने आतून दोनदा ठोकलं गेलं. तिने दोनदा ठोकलं, चांगलं जोरात. पुन्हा आवाज आला, पुन्हा तिने उत्तर दिलं. मग आवाज आलाच नाही. "इलेर, अरे इलेर," ती हाका मारायला लागली.

खालच्या दारातून त्याचं डोकं बाहेर आलं. "काय झालं ओरडायला?"

"ठोकायचा थांबलास म्हणून."

"मी ठोकलंच नाही," इलेर म्हणाला. "तुझा इतका राग आलाय की ठोकावंसं वाटलं नाही. मघापासून तूच ठोकतेयस. कुणाला उत्तर देत होतीस?"

ओर्तांसबाईने हातोडी पुसून खिळ्याला अडकवली.

"तुझ्या बापाला," ती म्हणाली.