सिस्टरच्या हळदीवर काकूंची हळद

मंडळी, आज कुरुंद्यात एक गंमत बघितली.

मिशनच्या सिस्टरनं शोभाताईंना हळद-मिरची दळायची गिरणी घेऊन दिली. "तिथं दळलं की धर्म बाटतो," अशी आवई गावातल्या एका काकूंनी उठवली. गिऱ्हाईकच फिरकेना, शोभाताई रडकुंडीला.

आज त्याच काकू लेकीच्या लग्नाची हळद घेऊन गिरणीत हजर!

"काहून आलात?" मी विचारलं.

"वसमतला दळाया निघाले व्हते, एसटी चुकली नं."

मग शोभाताईंकडं वळल्या. "आधी मिरची तर दळली न्हाई ना गं?"

"न्हाई. सिस्टरची हळद होती."

"मग बराबर. टाक त्याच्यावरच."

गिरणीत आधीच्याचं थोडं राहतं, ते पुढच्याच्या डब्यात येतंच. काकूंना हे पक्कं ठाऊक. मला खरंच कुतूहल आहे, आता नवरीला लागेल ती हळद कोणत्या धर्माची?