कपाटातल्या बगळेबाई

त्या शुक्रवारी मी कपाट रिकामं करून बसले होते. साड्या, ब्लाऊजपीस, नवऱ्याचा लग्नातला सूट, सगळं पलंगावर ढीग करून टाकलं होतं आणि कपाटाच्या आत दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या होत्या. दर शुक्रवारचा आमचा हा उद्योग. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असतात, आणि लूम बंद असल्याशिवाय आमच्या टेमघरात माणसाचा आवाज नीट रेकॉर्ड होत नाही. कुमुद दुपारच्या चहाला येणार होती. सकाळपासून पाऊस लागला होता, रस्त्यात गुडघाभर पाणी होतं, पण पाण्याला घाबरून घरी बसणारी ती नव्हे. मी आधण ठेवलं, बंद केलं, पुन्हा ठेवलं. मग तिच्या भावाचा, दिनेशचा फोन आला. "शैलाताई, कुमुद गटारात गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मला कळेचना हा काय बोलतोय. माणूस बाजारात जातं, शाळेत जातं... गटारात कसं जातं? संध्याकाळी पुढच्या नाल्याच्या तोंडाशी ती सापडली. तिला बघून मी घरी आले तेव्हा पलंगावरचा ढीग तसाच होता.

आता दीड-दोन महिने होऊन गेले. लोक म्हणतात, कुमुदवर काहीतरी लिही, तू तिची जवळची. लिहिते. पण हे वाचून कुणाचे डोळे पाणावावेत म्हणून मी लिहीत नाही. डोळे पाणावून झालेत सगळ्यांचे. मला राग आलाय आणि तो जात नाही, म्हणून लिहिते आहे.

कुमुद माझी पहिलीपासूनची मैत्रीण. धामणकर नाक्याकडच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की "तुमचे संसार बघून" असं तोंडावर सांगायची. जीभ अशी की आमच्या आईने तिला नाव ठेवलं होतं फटाकडी. कौतुक करायला महाकंजूस, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन "चहात साखर कमी हाय" म्हणणारी. हिने एक दिवस जुना कॉम्प्युटर विकत आणला, वर्षभर डोळे फोडून त्यावर चित्रं हलवायला शिकली आणि मला बोलावून दाखवलं. पडद्यावर खाडीचा चिखल, त्यात एका पायावर उभा एक बगळा. बराच वेळ काहीच घडेना. मी म्हटलं, "अगं, हा हलत का न्हाय?" ती म्हणाली, "ती बगळेबाई हाय. गुप्तहेर. ती हलत न्हाय, ती बघते." लोकांनी बगळ्याला उगाच ढोंगी करून ठेवलंय, असं तिचं मत होतं. तो ध्यान लावून बसत नाही, तो फक्त नीट बघतो, आणि नीट बघणाऱ्याची सगळ्यांना अडचण होते, म्हणायची.

तर अशी ती मालिका, ‘बगळेबाईंचा तपास’. जुन्या रहस्यकथांत असतात ती सगळी माणसं तिच्यात होती, फक्त प्राणी होऊन. श्रीमंत विधवा म्हणजे लांडोर, काही तरी लपवणारा डॉक्टर म्हणजे घुबड, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा पहिला संशय जातो तो नोकर म्हणजे मांजर. बंगल्याच्या जागी लूमचा कारखाना, आणि रत्नहाराच्या जागी कधी कापडाचे तागे, कधी कुणाची होडी. बगळेबाईंचा आवाज कुमुदचा. त्यांच्यासोबत आडवी चालणारी, सारखे बावळट प्रश्न विचारणारी चिंबोरी, म्हणजे खेकडी, ती मी. भाग नेटवर चढवला की गल्लीतली पोरं मोबाईल घेऊन कोंडाळं करायची. नाक्यावरचे शेअर रिक्षावाले मला बघून "आओ चिंबोरीबाई, एक सीट" असं ओरडायचे. मी वरवर चिडायचे, पण मला आवडायचं ते.

आणि तिसरा आवाज इन्स्पेक्टर रेडे यांचा. धिप्पाड, गडगडाटी, आणि दर भागात हमखास चुकीच्या प्राण्याला बेड्या घालणारा. हा आवाज ज्यांचा, त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या टेमघरात त्यांना आता सगळे रेडेसाहेबच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. बापजाद्यांची जमीन गोदामवाल्यांना देऊन त्यांनी मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान टाकलं. मोठ्या मनाचा माणूस, हे मी आजही म्हणेन. गणपतीला सगळ्या गल्लीला जेवण घालणारा. एवढा देह माझ्या कपाटात मावायचा नाही. म्हणून ते नुसतं डोकं आत घालायचे आणि बाकीचे रेडेसाहेब बाहेर ओणवे. आत आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि मध्ये हे डोकं गरजतंय, "कायद्याच्या नावाने मी तुला अटक करतो!" कुमुद हसू दाबायची, मी दाबायचा प्रयत्न करायचे, आणि सगळं रेकॉर्डिंग फुकट जायचं. मग ती शांतपणे म्हणायची, "परत घ्या."

प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. बगळेबाई सगळ्या संशयितांना लूम बंद असलेल्या कारखान्यात बोलावतात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसवतात. चिंबोरी विचारते, "मग हे केलं कुणी?" बगळेबाई चोच वळवतात आणि गुन्हेगार उठून म्हणतो, "मी केलं." बस. या दोन शब्दांवर कुमुद सगळ्यांना रडवायची. एका भागात घुबड डॉक्टर गुन्हेगार होते. त्यांचा आवाज द्यायला दिनेशला धरून आणला होता. त्याने आपल्या मनाने वाक्य वाढवलं, "मी केलं, पण माझी मजबुरी होती." कुमुदने हेडफोन काढून ठेवला. म्हणाली, "‘पण’ काढ." तो म्हणाला, "ताई, एवढ्याने काय होतंय?" ती म्हणाली, "‘पण’ आला की तो सुटला. पोरं बघतात हे. परत घे." त्याच्याकडून तेवढं वाक्य तिने दुपार संपेपर्यंत घोटून घेतलं. मीच शेवटी वैतागून म्हटलं, अगं, कार्टून हाय ते, कोर्ट न्हाय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प चहा टाकायला गेले.

रेडेसाहेबांची एक तक्रार कायम असायची. "कुमुद, एकदा तरी मला खरा गुन्हेगार पकडू दे. नातवंडं हसतात मला." तिने बरेच दिवस दाद दिली नाही, आणि शेवटी कबूल झाली. त्या शुक्रवारी जो भाग रेकॉर्ड करायचा होता, त्यात इन्स्पेक्टर रेडे पहिल्यांदा बरोबर ठरणार होते. कुमुद येणार, किती वाजता येणार, कुठल्या रस्त्याने येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच दुकानावरून ती येणार होती. मला झोप लागत नाही ती याच्यापायी.

आता झाकणाचं सांगते. रेडेसाहेबांच्या दुकानासमोर गटाराचं चेंबर आहे. पाऊस जोरात लागला की रस्ता तुंबतो, पाणी पायरी चढतं आणि खालच्या फळीवरचे तागे भिजायला लागतात. मग लोखंडी पहार घालून चेंबरचं झाकण सरकवायचं. पाणी भसाभसा आत जातं, पाऊण तासात रस्ता मोकळा. हे ते दरवर्षी करतात. शेजारचा टेलर बघतो, समोरची चहावाली बघते, आणि मनातून सगळे खूश असतात, कारण त्यांच्याही घरातलं पाणी उतरतं. त्या दिवशीही त्यांनी ते सकाळी सरकवलं. खूण म्हणून आत बदामाची एक फांदी खोचली आणि जेवायला वर घरी गेले. दुपारी पाण्याचा लोंढा वाढला, फांदी वाहून गेली. वरून बघणाऱ्याला सगळीकडे सारखंच गढूळ पाणी. कुमुद छत्री घेऊन त्यातून चालत आली... आयुष्यभर बघत राहायचं काम केलेली बाई, आणि तिला दिसलं नाही. हे मला टेलरने सांगितलं, चहावालीने सांगितलं, आणि दोघांनीही शेवटी हात जोडून म्हटलं, "पण माझं नाव घेऊ नका हां." पंचनाम्यात दोघांनी सांगितलं, आम्हाला काही माहीत नाही. कागदावर अपघात झाला. झाकण दुसऱ्या दिवशी जागेवर होतं.

तिसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर कुमुदचा शाळेच्या ओळखपत्रावरचा चिडका फोटो, शेजारी तिचीच बगळेबाई, न विचारता उचललेली. खाली शोकाकुल म्हणून रेडेसाहेब हात जोडून, तिच्यापेक्षा मोठे. मी भर रस्त्यात उभी राहून त्या बॅनरला शिव्या घातल्या. लोकांना वाटलं, बाईला दुःखाने वेड लागलं. लागो.

तेराव्याला दिनेशच्या दारात मांडव होता. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांवर सगळे बसलेले. टेलर, चहावाली, गल्लीतले मोठे लोक, पहिल्या खुर्चीत रेडेसाहेब. एक उठायचा, कुमुदताई कशी गुणी होती ते सांगायचा, डोळे पुसून बसायचा. "देवाची मर्जी," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "येळ आलेली, कुनाच्या हातात हाय?" मी मागे बायकांत बसले होते. देवाने पहार कधीपासून वापरायला सुरुवात केली, असं तोंडावर आलं होतं. मी उठले आणि माझ्याही नकळत तोंडून चिंबोरीचाच आवाज निघाला, तो चिरका, बावळट. "मग हे केलं कुणी?"

सगळा मांडव चिडीचूप. आमच्या भागात एवढी शांतता शुक्रवारीसुद्धा नसते. रेडेसाहेब जमिनीकडे बघत होते. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी म्हणालं, "चहा फिरवा रे." आणि चहा फिरला, आणि लोकांनी घेतला. मी तिथेच उभी. दिनेश मला हाताला धरून घरात घेऊन गेला. म्हणाला, "शैलाताई, नको. रोज त्याचं तोंड बघायचं हाय आपल्याला. गेलेली परत येनार हाय का?" तो तिचा सख्खा भाऊ. त्याच्यावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळलं नाही. "तुला घुबडाचं वाक्य आठवतं का?" एवढंच मी विचारलं. त्याने मान फिरवली.

मला कुणाला फासावर चढवायचं नाही. पोलीस, कोर्ट, नुकसानभरपाई, यातलं काही मला नको. मुद्दाम कुणी काही केलं असंही मी म्हणत नाही. मला फक्त दोन शब्द ऐकायचे आहेत, कारण ते ऐकू आले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात ती पहार पुन्हा निघणार आहे, आणि चहावाली पुन्हा बघणार आहे, आणि मनातून खूश होणार आहे.

शुक्रवारी मी अजून कपाट रिकामं करते. नवरा म्हणतो, बस झालं आता. मी गोधड्या टांगते, आत बसते, थोड्या वेळाने बाहेर येते. गोधडीला तिच्या खोबरेल तेलाचा वास आहे, म्हणून ती धुतलेली नाही. मागच्या शुक्रवारी दारात रेडेसाहेब उभे. वाळले आहेत, खरं सांगते. मी या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. त्यांनी चपला काढल्या, सवयीने सरळ कपाटापाशी गेले, ओणवे झाले आणि डोकं आत घातलं. बाहेर फक्त ती रुंद पाठ. मग आतून आवाज आला. रेड्याचा नव्हता तो, एका म्हाताऱ्या माणसाचा होता.

"मी केलं... पण शैला, मी फांदी खोचली होती गो."

मला माहीत आहे, खोचली होती. फांदी खोचणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं, हेही खोटं नाही. हात उचललाही. पण कुमुदची जागा रिकामी होती आणि तिचं काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

"‘पण’ काढा, रेडेसाहेब," मी म्हटलं. "परत घ्या."

ते तसेच ओणवे राहिले. मग हळूहळू डोकं बाहेर काढलं, डोळे पुसले, चपला घातल्या आणि न बोलता निघून गेले. उद्या शुक्रवार आहे. मी कपाट रिकामं करून ठेवलं आहे.