सोवळ्यातला पट्टा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. मधे हसलात की माझा धागा तुटतो, मग हा किस्सा पहिल्यापासून सांगावा लागतो, आणि दरवेळी सांगताना मला नव्याने थंडी वाजते.

तर, मी पुरोहित. नाशिकला, गंगेवर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये. थंडीत उघड्यावर काम करणारे जगात पुष्कळ आहेत. रात्रपाळीचा वॉचमन आहे, दूधवाला आहे, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणारा बागाईतदार आहे. पण त्या सगळ्यांना स्वेटर घालायची मुभा आहे! कपडे काढून थंडीत कामाला जायचं, हा मान फक्त आमच्या व्यवसायाला.

सोवळं म्हणजे न शिवलेलं वस्त्र. खाली धोतर, खांद्यावर उपरणं, संपलं. बाकीची ऊब स्वतःच्या तेजातून काढायची. माझं तेज दिवाळीच्या आसपास संपतं.

आमचे यशवंतकाका मात्र वेगळे. वडिलांचे धाकटे भाऊ. उभं आयुष्य त्यांनी माघातल्या पहाटे गुडघाभर पाण्यात उभं राहून यजमानांना स्नानाचा संकल्प सांगितला. नाशिकचा पारा कुठे का जाईना, काकांचा स्वर जागचा हलला नाही. पण आता त्यांचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी गार पाणी बंद केलं. मग यंदा काकांनी मला समोर बसवलं.

"विन्या, माघस्नानं यंदापासून तू सांगायची. पहिलेच यजमान अमरावतीचे वानखडे. तीन पिढ्यांचं घर आहे. तिथे दातांवर दात वाजवत संकल्प सांगितलास तर दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरेन. गुडघे गेले तरी बेहत्तर."

आता बघा माझी अवस्था. एका बाजूला काकांचे गुडघे, दुसऱ्या बाजूला माझी हुडहुडी. आणि माझी हुडहुडी म्हणजे साधीसुधी नाही. मी फ्रीज उघडताना मफलर घेतो, असं माझी बायको मेधा सांगत असते. ती अतिशयोक्ती करते. कानटोपी घेतो.

मग मी आधुनिक माणसासारखा मोबाईल घेऊन बसलो. 'थंडीत बाहेर काम करणाऱ्यांसाठी उपयुक्त वस्तू'. काय खजिना हो! बॅटरीवर तापणारी जाकिटं, तापणारे मोजे, कपाळाला बांधायचे दिवे, वीज गेली तर घर चालवणारे बॅटरीचे डबे! एका फोटोत दाढीवाला गोरा बर्फात लाकडं फोडत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही लाकडं दुसऱ्याची आहेत. 'तुमचं काम निवडा' म्हणून यादीही होती. लाकूडतोडे होते, मच्छीमार होते, बर्फ उपसणारे होते. पुरोहित नव्हते. आमच्याकडे कोण लक्ष देतो?

जाकीट बाद, कारण शिवलेलं. मोजे बाद. कपाळाचा दिवा मागवला, कारण घाटावरचे दिवे नेमके पहाटे झोपतात. तो बांधून मी आरशासमोर उभा राहिलो.

"खाणीत उतरताय का?" मेधाने विचारलं.

दिवा बाद.

आणि मग तो दिसला. कंबर शेकायचा पट्टा! रुंद, मऊ, पोटाभोवती गुंडाळायचा. वायर पॉवर बँकेला, पॉवर बँक धोतराच्या निऱ्यांत. वर छोट्या पडद्यावर लाल आकडे : पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट. जितकी ऊब हवी तितकी. शिवाय एक बटण दाबलं की तो थरथरून मालीशही करायचा. ते मला नको होतं, पण फुकट मिळालेली गोष्ट नाशिककर सोडतो का?

"पण हा शिवलेलाच ना?" मेधा म्हणाली.

"शिवलेला कुठे? चिकटवलाय. वेल्क्रो आहे! शास्त्रात वेल्क्रोबद्दल एक अक्षर नाही."

"पाण्यात उभं राहून अंगाला विजेचं लावणार तुम्ही?"

"पाणी गुडघ्यापर्यंत, पट्टा कमरेला. आणि बॅटरीची वीज ती, मुंगीएवढी."

"बरं. विम्याचे कागद कुठे ठेवलेत तेवढं सांगून जा."

पॉवर बँक ऐनवेळी संपली तर? म्हणून मी दुसरीही घेतली. निऱ्यांच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. आधीच आमचं पोट सात्त्विक, त्यात ही भर. घाटावर निघालो तेव्हा मी चालत नव्हतो, डुलत होतो.

पण खरं सांगतो, त्या पहाटे मी सुखाची व्याख्या शिकलो. घाटावर धुकं, माणसं शेकोटीला चिकटलेली, आणि मी उघडाबंब, पासष्टवर! फुलं विकणाऱ्या मंदामावशी चार गोधड्यांतून तोंड काढून म्हणाल्या, "गुरुजी, लय गार हाय वो आज. तुमाला थंडी नाय वाजत का?"

"साधना, मावशी," मी म्हणालो.

देवानेही ऐकून ठेवलं असणार.

वानखडे मंडळी आली. आजोबा, आजी आणि मुलगा प्रमोद. प्रमोदचं अमरावतीला मेडिकल स्टोअर. म्हणजे डॉक्टरपेक्षा जास्त आत्मविश्वास. आजोबा आणि मी पाण्यात उतरलो. आजोबा लटपटत होते, मी खांबासारखा उभा. आजी पायरीवर पूजेचं ताट घेऊन. मी खणखणीत आवाजात संकल्प सुरू केला. काकांची सर नसेल, पण दात वाजले नाहीत. वाटलं, जिंकलो!

आचमनासाठी वाकलो. वाकलो की पोट दुमडतं. पोट दुमडलं की बटण दाबलं जातं. मालीश सुरू!

घुर्र्र्र! आता मंत्र म्हणताना पोट थरथरलं तर आवाजाचं काय होतं, कल्पना आहे? 'श्री-ई-ई-ई-मन्म-अ-अ-हा' असं व्हायला लागलं. गवयाने ऐकलं असतं तर शिष्यत्व पत्करलं असतं. उपरणं घसरलं आणि पोटावरचा लाल आकडा अंधारात झळकला.

"व माय!" आजी किंचाळल्या. "गुरुजी थरथरून रायले!"

प्रमोद धावत पाण्यात उतरला. वायर बघितली, पट्टा बघितला, पडदा बघितला. "इन्सुलिनचा पंप हाय व माय हा! गुरुजी, तुमाले शुगर हाय? आमाले सांगतलं काहून नाही जी? पासष्ट! लय कमी झाली!"

मी "अहो, तसं नाही" म्हणण्याआधी मालीश बंद करायला बटण चाचपलं. चुकीचं सापडलं. पासष्टचे पंचेचाळीस झाले.

"पंचेचाळीस!" प्रमोदचा आवाज पलीकडच्या काठावर गेला. "माय, गोड दे! लवकर! माणूस जाईन आता!"

आजींनी ताटातला गूळ उचलला आणि माझ्या तोंडात कोंबला. थोडाथोडका नाही, आख्खा खडा! तोंड बंद, खुलासा बंद. आणि तो कुठला गूळ? गंगेच्या नैवेद्याचा. संकल्प अर्धवट, गुरुजी उपाशीपोटी असायला हवेत, आणि गुरुजी पाण्यात उभे राहून गंगेआधी गंगेचा नैवेद्य चघळतायत!

मी घाबरून पुन्हा बटण दाबलं. पंचावन्न.

"चढून रायली! अजून दे!"

आणखी गूळ. पुन्हा दाबलं, पासष्ट. आणखी गूळ! मला कळेना, आधी पट्टा बंद करू की तोंड. इकडे मंदामावशी गोधड्या टाकून घाटभर ओरडत सुटल्या : "गुरुजींना काय तरी झालं वो! पोटाला मशीन लावलंय! मी म्हनलं थंडी कशी वाजत नाय!" शेकोटीची माणसं धावली. कुणी माझ्या तळव्यांना कांदा चोळा म्हणे, कुणी चपला हुंगवा म्हणे. आजोबा बिचारे त्या पाण्यात तसेच, हात जोडून, पुढचा मंत्र कधी येतो त्याची वाट बघत. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही, कारण आजारी मी होतो.

मावशींनी फोन करून काकांना बोलावलं. काका स्कूटरवरून आले, लंगडत पायऱ्या उतरले. माझ्या पोटाला हात लावला. पट्टा मस्त गरम. काकांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात दोनदाच त्यांनी असं बघितलंय. पहिल्यांदा मी संस्कृतमध्ये नापास झालो तेव्हा.

"काय आहे हे, विन्या?"

सांगा, काय सांगायचं? तीन पिढ्यांच्या यजमानांसमोर म्हणू, की सोवळ्यात विजेचा पट्टा बांधून आलोय? गुळाने भरलेल्या तोंडाने मी एवढंच म्हणालो, "शुगर, काका."

"हं," काका म्हणाले. धोतर खोचलं आणि ते त्या बर्फासारख्या पाण्यात उतरले. अर्धवट राहिलेला संकल्प त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितला. स्वर जागचा हलला नाही. बाहेर येताना मात्र त्यांना दोघांनी धरावं लागलं. ते मला बघवलं नाही हो. पट्टा पासष्टवर होता, तरी मी गार पडलो.

इतक्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण यजमानांचं जेवण आमच्या घरी. मेधाने बासुंदी केलेली. मी ताटावर बसलो तर आजी तिला सांगतायत, "पोरी, याले गोड नको देऊ बरं."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. कपाळाच्या दिव्यापासूनचे सगळे हिशेब तिच्या डोळ्यांत. "मीही तेच सांगते आजी," ती म्हणाली, "पण हे ऐकतच नाहीत. चोरून खातात!"

मला कारल्याची भाजी वाढली. शेजारी काका दुसरी वाटी बासुंदी ओरपत होते. मला नजर देईनात. वाटी संपली तेव्हा म्हणाले, "प्रमोदराव, पथ्याच्या बाबतीत याला जरा दम द्या. तुमचं ऐकेल."

प्रमोदने अर्धा तास दम दिला.

दुपारी काका माझ्याकडे आले. गुडघे सुजले होते, शेक घ्यायला माझाच पट्टा हवा होता. मी निमूटपणे दिला. पासष्टवर लावून दिला. मग म्हणालो, "काका, चुकलं. उद्या तुम्ही पाण्यात उतरू नका. मी उतरतो. काही न बांधता उतरतो."

"उतरशील रे," काका म्हणाले. "पण घाटभर झालंय की विनायकगुरुजी मशीनवर चालतात. आजारी गुरुजी कुणाला हवाय? लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं, की अंगाला काही नाही."

तेव्हापासून मंडळी, माघाची रोजची पहाट माझी. काकांचे गुडघे वाचले, मान माझ्याकडे आला, सगळं मनासारखं झालं. फक्त एक नियम वाढला. आमच्या व्यवसायाने कमरेच्या वर ठेवायला दिलेला जो एकुलता एक कपडा होता, उपरणं, ते पाण्यात उतरण्याआधी काढून काकांच्या हातात द्यायचं, म्हणजे यजमानांना चारी बाजूंनी खात्री पटते.

काका रोज येतात, पायरीवर बसून ते धरायला. काल वारा फार होता, तर त्यांनी ते स्वतःच्या कानांना गुंडाळलं.